बाहेरच्यासाठी राखलेली खुर्ची

मार्च २००३. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याचे सादरीकरण चालू होते. विषय आनुवंशिकीचा होता. श्रोत्यांमध्ये कार्लेटा टिलूसी नावाची एक तरुणी बसली होती. ती याच विद्यापीठात शिकलेली, आणि हवासुपाई जमातीची. पडद्यावरचे आलेख ज्या रक्तावरून काढले होते ते तिच्याच माणसांचे होते. तिने उठून एकच प्रश्न विचारला : या अभ्यासासाठी हे रक्त वापरायची परवानगी तुम्ही घेतली होती का?

उत्तर कुणाकडेच नव्हते.

हवासुपाई ही जेमतेम साडेसहाशे माणसांची आदिवासी जमात. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाच्या गावात ती राहते. गावाला मोटारीचा रस्ता नाही; पायी, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते. टपालही खेचरावरूनच येते. १९८० च्या दशकात या जमातीत मधुमेह इतका पसरला होता की पाय कापलेली माणसे घरोघरी दिसू लागली. तेव्हा जमातीने विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांच्याकडे मदत मागितली. मार्टिन यांचे गावात बऱ्याच वर्षांपासून जाणेयेणे होते, लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी आनुवंशिकीच्या एका प्राध्यापिकेला सोबत घेतले आणि १९९० पासून दोनशेहून अधिक लोकांनी रक्त दिले.

मधुमेहाबाबत फारसे काही हाती लागले नाही. रक्त मात्र विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये राहिले, आणि वर्षानुवर्षे त्यावर दुसरेच अभ्यास होत गेले. एक स्किझोफ्रेनियावर, एक जमातीत रक्ताच्या नात्यातली लग्ने किती होतात यावर, एक त्यांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या सामुद्रधुनीमार्गे आले असावेत यावर. यासाठी कुणालाही पुन्हा सुई टोचली नव्हती. मग नुकसान काय झाले, असे प्रयोगशाळेतल्या माणसाला वाटू शकते. सुपाईत ते स्पष्ट दिसत होते. साडेसहाशे माणसांच्या जमातीवर मानसिक आजाराचा आणि नात्यातल्या लग्नांचा शिक्का बसला की तो प्रत्येकाच्या कपाळी येतो. आणि आपला उगम याच दरीत झाला, म्हणून तिचे राखणदार आपण, ही जमातीची श्रद्धा आहे. तुमचे मूळ दुसरीकडचे असे सांगणारा लेख त्यांच्याच रक्तावर उभा राहिला होता.

संशोधकांची बाजू कागदावर भक्कम होती. संमतीपत्रात वर्तनाच्या आणि आरोग्याच्या विकारांची कारणे शोधण्याचा उल्लेख होता, म्हणजे मधुमेहापलीकडे जायला मोकळीक होती. पण सही करणाऱ्यांपैकी अनेकांसाठी इंग्रजी ही परकी भाषा होती आणि शाळा पुरी केलेले थोडेच होते. त्यांच्याशी तोंडी जे बोलणे झाले ते मधुमेहाचे होते. जमातीने विद्यापीठाच्या लोकांना गावबंदी केली आणि कोर्टात धाव घेतली. एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्ताचे नमुने परत केले.

या प्रकरणातली खरी मेख वेगळीच आहे. विद्यापीठात संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती नव्हती, असे मुळीच नाही. समिती होती, अर्ज होते, सह्या होत्या. नव्हता तो सुपाईच्या बाजूने प्रश्न विचारणारा माणूस. तो प्रश्न बारा-तेरा वर्षांनी आला, आणि तोही समितीच्या बैठकीत नाही तर सभागृहातल्या श्रोत्यांमधून.

संशोधनातल्या गैरप्रकारांचा इतिहास चाळला की हे पुन्हा पुन्हा आढळते. चूक उघडकीस आणणारा बहुतेक वेळा उतरंडीच्या बाहेरचा किंवा तिच्या तळाचा असतो. म्हणून विद्यापीठाचा संशोधन-कारभार कसा चालतो हे जोखायचे असेल, तर नियमांची जाडी पाहून भागत नाही. बाहेरच्या माणसाला आत बसायला खुर्ची आहे का आणि त्याच्या शब्दाला किंमत आहे का, हे पाहावे लागते.

खुर्ची कशी आली

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी परिसरात सरकारी आरोग्य खात्याने १९३२ साली एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता रोग कसा वाढत जातो, हे पाहायचे होते. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आले, तरी ते त्यांना दिले गेले नाही. १९४७ साली न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या खटल्यात मानवी प्रयोगांचे दहा नियम लिहिले गेले. त्यात पहिला नियम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचा. १९६४ साली जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकीचा जाहीरनामा काढला. टस्कीगीचा अभ्यास त्यानंतरही चालूच राहिला. अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते, आणि वाचणारे सगळे तज्ज्ञच होते.

त्याला आडवा आला पीटर बक्स्टन. सॅन फ्रान्सिस्कोत याच खात्यात गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेण्याचे काम करणारा हा तरुण ना डॉक्टर होता, ना शास्त्रज्ञ. १९६६ पासून त्याने वरिष्ठांना पत्रे लिहिली. त्यांनी त्याला गप्प बसवायचा प्रयत्न केला. अखेर त्याने कागद एका पत्रकाराच्या हाती दिले. जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली आणि अभ्यास बंद पडला. १९७४ साली अमेरिकेने कायदा केला. त्यातून आणि पुढच्या नियमांतून नैतिकता तपासणाऱ्या समितीची घडण ठरली : निदान पाच सदस्य, त्यात एक तरी विज्ञानाच्या क्षेत्राबाहेरचा आणि एक तरी संस्थेशी कसलाही संबंध नसलेला. पीटर बक्स्टनसारख्या माणसाला निदान कागदावर खुर्ची मिळाली.

भारताला यासाठी परदेशाकडे बोट दाखवायची गरज नाही. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या एका अभ्यासात गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या १,१५८ स्त्रियांना उपचाराविना निरीक्षणाखाली ठेवले होते. लेखी संमती नव्हती. काहींना पुढे कर्करोग झाला. हे १९९७ मध्ये वर्तमानपत्रांत आले आणि गदारोळ उठला. योगायोग असा की संशोधनातल्या नैतिकतेवर पहिले धोरणपत्रक याच परिषदेने १९८० साली, म्हणजे तो अभ्यास चालू असतानाच काढले होते. सविस्तर मार्गदर्शक सूचना २००० साली आल्या, २००६ मध्ये सुधारल्या गेल्या, आणि २०१७ मध्ये त्यांचे मोठे नवे रूप आले.

टेबलाभोवती कोण बसते

२०१७ च्या या सूचनांप्रमाणे आपल्याकडच्या एथिक्स कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. सदस्य-सचिव संस्थेतला चालतो, कारण फायली सांभाळायच्या असतात. निम्मे सदस्य बाहेरचे असावेत. समितीत हवेत डॉक्टर, मूलभूत शास्त्रांतला संशोधक, कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान जाणणारा, आणि एक सामान्य नागरिक. या नागरिकाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तो साक्षर असावा, मागच्या पाच वर्षांत वैद्यकीय पेशात नसावा, आणि त्याला स्थानिक भाषा, रीतिरिवाज आणि लोकांच्या नीतिकल्पना ठाऊक असाव्यात. पाच जण हजर असल्याशिवाय बैठक ग्राह्य धरली जात नाही.

बाहेरच्याची ही योजना इतरत्रही दिसते. प्राण्यांवर प्रयोग करायचे तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीत केंद्रीय समितीने नेमलेला बाहेरचा शास्त्रज्ञ आणि सामाजिक भान असलेली एक व्यक्ती लागते. जनुकीय बदल केलेल्या जीवाणूंवर काम असेल तर १९८९ च्या नियमांनुसार जैवसुरक्षा समितीत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी बसतो. कायदे वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या दशकांत लिहिले. तरी प्रत्येकाने घराबाहेरचा एक माणूस मागितला आहे.

तो तिथे करतो काय? समजा, घरगुती हिंसाचारावरच्या संशोधनाचा प्रस्ताव आला आहे. संख्याशास्त्रज्ञ नमुना पुरेसा आहे का ते बघेल. वकील गोपनीयतेचे कलम तपासेल. समोरच्या खुर्चीतली, आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई विचारेल, ‘मुलाखत घेणारी मुलगी घरी गेल्यावर सासू शेजारी येऊन बसली, तर प्रश्नावलीचे काय करणार?’ एवढ्या एका प्रश्नाने सगळा आराखडा बदलतो. मुलाखत घरी न घेता आरोग्य केंद्रात घ्यावी लागते, सासू आलीच तर विचारायचे लसीकरणाचे चार प्रश्न खिशात ठेवावे लागतात, मदतकेंद्राचा क्रमांक मुलाखत देणाऱ्या बाईच्या हाती कागदावर न देता तोंडी सांगावा लागतो. किंवा औषध कंपनीच्या प्रस्तावात भाग घेणाऱ्याला प्रत्येक फेरीचे पैसे मिळणार असतील, तर प्रश्न येतो, रोजंदारीवरच्या माणसाला एवढी रक्कम नाकारता येईल का? त्याचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च द्यायलाच हवा. पण रक्कम अशी नको की तिच्यापुढे धोका दिसेनासा व्हावा.

संमतीपत्राचे मराठी भाषांतर ही याच माणसाची खरी कसोटी. इंग्रजी मसुद्यावरून शब्दाला शब्द ठेवून केलेले मराठी कागदपत्र नियमात बसते आणि कुणाला कळत नाही. ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती’ असे लिहिले की काम झाले, असे संशोधकाला वाटते. ‘तुम्हाला नवे औषध मिळेल की जुने, हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरही ते ठरवणार नाहीत’ हे वाक्य लिहून घ्यायला कुणीतरी हट्ट धरावा लागतो.

वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये ही सवय आता बरीच रुजली आहे. २०१९ च्या नव्या औषध आणि चिकित्साचाचणी नियमांनी आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समित्यांना नोंदणी सक्तीची केली. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन अशा विभागांत मात्र अजून ‘आम्ही कुठे कुणाला औषध देतो?’ असे म्हणून विषय टाळला जातो. सुपाईचा दाखला त्यांच्यासाठीच आहे. तिथे जखम झाली ती निष्कर्षांनी.

घरातलीच चोरी

आतापर्यंतचा धोका संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाला होता. दुसरा धोका ज्ञानालाच असतो. निष्कर्ष रचले, आकडे वाकवले, दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून छापले, तर फसतो तो पुढचा प्रत्येक वाचक.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता हिमालयातल्या जीवाश्मांवरचे मोठे नाव होते. वीसेक वर्षांत त्यांचे तीनशेहून अधिक शोधनिबंध आले. ते वाचून हिमालयाच्या थरांची वये ठरत होती. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांना मात्र त्यातले काही जीवाश्म फारच ओळखीचे वाटले. हिमालयात सापडले म्हणून छापलेले काही सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठी मिळणाऱ्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. काही शंखाकृती जीवाश्म मोरोक्कोतले होते, तेही बाजारात विकत मिळणारे. टॅलंट यांनी १९८७ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या परिषदेत हे मांडले आणि एप्रिल १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले. गुप्तांनी सगळे आरोप फेटाळले.

इथे शिकण्यासारखे आहे ते विद्यापीठाचे वागणे. विभागातल्या काही सहकाऱ्यांना आधीपासून शंका होत्या. पण अनेक जण त्यांच्यासोबत सहलेखक होते. गुप्ता नमुना देत, दुसरा त्याची ओळख पटवून देई, आणि नमुना नेमका कुठून उचलला हे विचारणे शिष्टाचाराला धरून नसे. एवढ्या लांबच्या दऱ्याखोऱ्यांत जाऊन पडताळणी करणार तरी कोण? बोभाटा झाल्यावर निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी झाली, आरोपांत तथ्य असल्याचे निष्पन्न झाले. तरीही नोकरी गेली नाही. वेतनवाढी रोखून आणि प्रशासकीय पदे नाकारून विषय मिटवला गेला. साहित्यात शिरलेले ते जीवाश्म निवडून काढण्याचे काम पुढच्यांच्या गळ्यात पडले.

१९८६ मध्ये दिल्लीत काही शास्त्रज्ञांनी ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ ही स्वयंसेवी संस्था काढली होती. तिच्या हाती दंडाचा अधिकार नव्हता. विद्यापीठांसाठी कायदेशीर चौकट यायला २०१८ साल उजाडले. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम काढले आणि त्यात चार पातळ्या ठरवल्या. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर थांबायचे. ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. प्राध्यापकांसाठी वेतनवाढ रोखणे आणि दोन-तीन वर्षे नवे विद्यार्थी न देणे अशा शिक्षा आहेत.

या टक्केवारीची चर्चा खूप होते, आणि तिथेच घोटाळा आहे. प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात ‘सिमिलॅरिटी किती आली?’ हा प्रश्न प्रत्येक विभागात ऐकू येतो. नऊ टक्के आले की सुटकेचा निःश्वास. पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजते. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत आणून आपले म्हणून दिले तर ते सहज निसटू शकते. न भरलेल्या प्रश्नावल्या घरी बसून भरल्या तर आकडे अगदी अस्सल आणि साम्य शून्य. उलट कायद्याची कलमे किंवा ठरलेली समीकरणे जशीच्या तशी दिली तर आकडा वाढेल. म्हणून नियमांनीच ती, तसेच सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणी, मोजणीतून वगळली आहेत. यंत्र शंका दाखवते. निवाडा माणसांनीच करायचा असतो.

त्यासाठी या नियमांत दोन पायऱ्या आहेत आणि त्या अभावानेच कुणी वाचतो. विभागाच्या समितीत प्रमुखाबरोबर विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ प्राध्यापक हवा. संस्थेच्या समितीत संस्थेबाहेरचा एक सदस्य हवा. प्रत्येक पायरीला ४५ दिवसांची मुदत आहे. म्हणजे खुर्ची इथेही राखलेली आहे. चंदीगडच्या भूशास्त्र विभागात १९७० च्या दशकात कुणी बाहेरच्याने ‘ही जागा नकाशावर दाखवा’ एवढेच विचारले असते, तर तीनशे निबंधांचा डोलारा कदाचित उभाच राहिला नसता.

वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले त्याच सुमारास पुण्याहूनही एक धक्का बसला. तिथले संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी तपासली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांचे त्यांनी विश्लेषण केले, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. पैसे भरा आणि छापून घ्या, असा तो बाजार होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे एकदम काढली. यादीची देखभाल पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राकडे आली, आणि २०१९ अखेरीस पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्तीही उठली. नीतीचे धडे दिले त्यापेक्षा ही सक्ती उठवण्याचा उपयोग जास्त झाला असावा. सक्ती संपली की बाजाराचे गिऱ्हाईक कमी होते.

खुर्ची असून नसल्यासारखी

बाहेरचा माणूस बोलावला, त्याने खरे सांगितले, आणि विद्यापीठाने ते ऐकलेच नाही, तर? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये नेमके हेच घडले. शरीरविज्ञान किंवा वैद्यकाचे नोबेल ठरते ती ही संस्था. तिथल्या पाओलो मॅकियारिनी या नामांकित शल्यविशारदाने २०११ पासून तीन रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. निबंधांत यश दिसत होते. प्रत्यक्षात रुग्णांची परवड होत होती. तिघेही पुढे दगावले. रुग्णांचे केसपेपर समोर असणाऱ्या चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये तक्रार केली. संस्थेने उप्साला विद्यापीठातले बेंग्ट गेर्डिन यांना तपासाला नेमले. मे २०१५ मध्ये त्यांनी गैरवर्तन झाल्याचे स्पष्ट लिहून दिले. तीन महिन्यांनी कुलगुरूंनी तो अहवाल बाजूला सारला आणि मॅकियारिनींना निर्दोष ठरवले.

जानेवारी २०१६ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीने माहितीपट दाखवल्यावर महिन्याभरात कुलगुरूंना राजीनामा द्यावा लागला. २०१८ मध्ये संस्थेने गैरवर्तन मान्य केले. पण सहलेखक असल्याच्या कारणावरून तक्रार करणाऱ्यांपैकी काहींवरही ठपका ठेवला. २०२३ मध्ये न्यायालयाने मॅकियारिनींना अडीच वर्षांची कैद सुनावली. स्वीडनने यातून धडा घेतला तो जगाने पाहावा असा. १ जानेवारी २०२० पासून संशोधनातल्या गंभीर गैरवर्तनाची चौकशी विद्यापीठांकडून काढून एका राष्ट्रीय मंडळाकडे दिली गेली, आणि त्याच्या अध्यक्षपदी न्यायाधीश नेमला. आपल्या घरच्या भांडणात आपणच पंच होऊ नये, हे तत्त्व त्यांनी कायद्यात उतरवले.

आपल्याकडे असे वैधानिक राष्ट्रीय मंडळ नाही. समितीतला बाहेरचा सदस्य संस्थाच निवडते. मैत्रीतला, निवृत्त, ‘सांभाळून घेणारा’ माणूस नेमला की नियम पाळला जातो आणि खुर्ची रिकामीच राहते. शिवाय तक्रार करणारा बहुधा संशोधक विद्यार्थी असतो. त्याचा सहामाही प्रगती अहवाल, शिष्यवृत्तीचा कागद आणि प्रबंधावरची सही हे सारे गाइडच्या हातात. त्याच्या तक्रारीवर ४५ दिवसांत निकाल लागेलही, पण तोवर त्याला दुसरा गाइड देण्याची सोय नसेल तर तो तक्रारच करणार नाही.

म्हणून चांगला कारभार ओळखायच्या खुणा साध्या आहेत. समितीच्या सदस्यांची नावे संकेतस्थळावर आहेत का? बाहेरच्या सदस्याचे वेगळे मत इतिवृत्तात नोंदले जाते का? समितीने गेल्या वर्षी एक तरी प्रस्ताव परत पाठवला का? तक्रार केलेल्या विद्यार्थ्याला गाइड बदलून मिळतो का? या चारांची उत्तरे मिळत नसतील तर भिंतीवरचे आचारसंहितेचे फलक कितीही मोठे असोत, ते शोभेचेच.

आणि सर्वात बाहेरची खुर्ची वाचकाची आहे. उद्या कुणी तुमचे रक्त, तुमची मुलाखत किंवा तुमच्या मुलाच्या शाळेतली माहिती मागेल. आरोग्याच्या संशोधनात संमतीपत्रावर संशोधकाबरोबर एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवाचाही संपर्क देणे अपेक्षित असते. तो क्रमांक शोधा. सही करण्याआधी विचारा : हे आणखी कशासाठी वापरणार, किती वर्षे ठेवणार, आणि मी नाही म्हटले तर काय? या प्रश्नांनी चांगला संशोधक कधी दुखावत नाही. त्याची उत्तरे तयार असतात.